मेलेली उठा, हात धुवा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे, मी मेलो आणि तिनं मला उठवलं.

मंगळवार होता. बेसमेंटमधल्या कार्पेटवर मी उताणा पडलो होतो. अंगावर तिची जुनी शाल, छातीवर प्लास्टिकची तलवार. त्या दिवशी मी इंग्रजांचा सेनापती होतो. दोन्ही नाती समोर मांडी घालून बसलेल्या आणि माझी बायको सुमन हातात उलथनं घेऊन उभी. शालीचा दोरा नाकात गेला म्हणून मी हात वर केला, तर उलथन्याचा फटका बसला.

"मेलेला माणूस खाजवत न्हाई."

"अगं, नाकात दोरा..."

"बोलत पण न्हाई."

धाकटी ईरा पाच वर्षांची. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, यू आर डेड. जस्ट रिलॅक्स."

मग इंग्रज म्हणून मेलेला मी उठलो, सोफ्याच्या पलीकडे गेलो आणि फ्रेंच म्हणून पुन्हा मेलो. इकडे क्यूबेकला म्हणे एक लढाई झाली, तिच्यात दोन्हीकडचे सेनापती गेले. आमच्या घरात मरायला माणूस एकच. दुसऱ्यांदा मरताना माझा गुडघा कटकन वाजला, तशी थोरली सई फिस्सकन हसली. सुमननं तिला दटावलं, "सेनापती मेल्यावर हसत्यात व्हय?" मग माझ्या खांद्यावर उलथन्यानं टकटक केलं आणि रोजची आरोळी ठोकली, "धडा सपला! मेलेली उठा, हात धुवा!"

मी उठलो. हात धुतले. आम्ही जेवायला वर गेलो.

लिहिणं हे माझं काम नव्हे. चौथीत शाळा सोडली आणि जन्म सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरसमोर गेला. पण सुमन काय चीज होती हे सांगायला आता दुसरं कोणी उरलं नाही. मुलाला ती आई म्हणून ठाऊक, सुनेला सासू म्हणून. तिचं येडेपण सगळं मला ठाऊक. सांगून ती परत यायची नाही, तेही ठाऊक आहे. तरी सांगतो. बसून दुसरं काय करू?

तिला येड होतं इतिहास सोपा करण्याचं.

त्याचं असं झालं. मुलगा महेश कॅनडात किचनरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं आम्हाला इकडे बोलावून घेतलं. थोरली नात सई शाळेत जायची तेव्हा रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, औषधं झाली. शनिवार-रविवारी पोरगी ठणठणीत, सोमवार उजाडला की पोट धरून बसलेली. शेवटी सुनेनं, म्हणजे अनुजानं, नोकरी सोडली आणि दोघींना घरीच शिकवायचं ठरवलं. इकडे तसं चालतं. मी म्हणालो, "शाळा मी पण सोडली होती. पण आमच्यात त्याला होमस्कूल म्हणत नव्हते." अनुजा हसली नाही.

गणित, सायन्स, इंग्रजी तिनं स्वतःकडे घेतलं. इतिहासाचा तिला लहानपणापासून कंटाळा. ती सुमनला म्हणाली, "आई, तुम्ही बालवाडी चालवायचात ना? हिस्टरी तुम्ही घ्या. मी आदल्या संध्याकाळी तुम्हाला धडा मराठीत सांगत जाईन. तुम्ही मुलींना सांगा, फक्त जरा सिम्प्लिफाय करून."

माकडाच्या हातात कोलीत दिलं.

सुमन सातवी शिकलेली. कारखान्याच्या कॉलनीतली बालवाडी तिनं केस पांढरे होईपर्यंत चालवली. तिचं शास्त्र एकच. "सोपं करा, सोपं. पोरं हायती ती, वकील न्हाईत." संध्याकाळी अनुजा पोळ्या लाटता लाटता धडा सांगायची, सुमन भाजी चिरत ऐकायची आणि भाजीबरोबर धडाही चिरायची.

सगळ्यात आधी सनावळ्या गेल्या. "सनावळ्या म्हंजे डाळीतलं खडं. निवडायचं आन् टाकून द्यायचं." साऱ्या जगाचा काळ तिनं तीन डब्यांत भरला. तुमच्या बाबाच्या लहानपणी, माझ्या आजीच्या लहानपणी, आणि लई आधी. महाराजांचा राज्याभिषेक लई आधी. पिरॅमिड लई आधी. कॅनडात रेल्वे आली तेही लई आधी. अनुजा कळवळून म्हणाली, "आई, अहो पिरॅमिड आणि रेल्वे एकाच वेळचे नाहीत ना!"

"मी कुठं म्हणले, पिरॅमिडला रेल्वेनं गेले म्हणून?"

नावांचंही तेच. एका धड्याला दोनच नावं. "तिसरं नाव आलं की पोरगं खिडकीतनं बाहेर बघाया लागतंय." मग उरलेले सगळे कोण? तर 'त्याचा भाऊ'. इतिहासातला प्रत्येक सरदार कोणाचा ना कोणाचा भाऊ होता. सई एकदा म्हणाली, "आजी, ही हॅड सो मेनी ब्रदर्स!"

"तवा टीव्ही नव्हता," सुमन म्हणाली. जिन्यावर उभ्या असलेल्या अनुजाला चहाचा ठसका लागला.

इकडचा इतिहासही तिनं सोडला नाही. इंग्रज आणि फ्रेंच या देशात येऊन भांडले कशासाठी, हे अनुजानं एका संध्याकाळी तिला सांगितलं. वसाहती, व्यापार, तह, काय काय. मी शेजारी बसून लसूण सोलत होतो, मला झोप आली. दुसऱ्या दिवशी सुमननं कार्पेटच्या मधोमध महेशची विंटरची टोपी ठेवली. "ही टोपी. बीव्हर म्हणून एक जनावर असतंय, त्याच्या केसाची. लंडनला पाहिजे, पॅरिसला बी पाहिजे. लागली भांडणं. सपलं."

"आई, राजकीय कारणं पण होती हो."

"अनुजा, नळावर दोन बायका भांडत्यात तवा राजकीय कारण असतंय का? एकीची घागर आधी लागलेली असती."

बीव्हर अर्थात मी झालो होतो. दोन्हीकडून टोपीसाठी मला ओढत होते.

आमचं बेसमेंट म्हणजे सगळं जग होतं. वॉशिंग मशीन आणि ड्रायर हे गडाचे दोन बुरूज. घर गरम करणाऱ्या फर्नेसची खोली म्हणजे भुयार. कपड्यांची टोपली म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेलं जहाज. आणि कुठलीही लढाई जेवणाआधी संपलीच पाहिजे. "उपाशी पोरांना इतिहास चढत न्हाई," हा तिचा दुसरा नियम.

मेलेल्यांचं काम आधी उशा करायच्या. चार उशा ओळीनं मांडल्या की झालं, मावळे पडले. पण मागच्या का त्याच्या मागच्या हिवाळ्यात तिनं एकदम उशा काढून टाकल्या आणि मला घेतलं.

मी विचारलं, "का? उशांनी काय घोडं मारलं?"

"उशी मेल्यासारखी दिसत न्हाई."

"आन् मी दिसतो व्हय?"

"तुम्ही झोपला की हुबेहूब दिसता."

तेव्हापासून मी खिंडीत मेलो, बर्फात मेलो, जहाजावर ताप येऊन मेलो. एकदा मी गडाचा दरवाजा होतो, मला हत्तीनं फोडलं, तर दरवाजा म्हणूनसुद्धा मला शाल घालून मरायला लावलं. मेल्यावर पडून राहायचं. ती बोलायची नाही, नुसती उभी. पोरीही गप्प. माझे डोळे मिटलेले, त्यामुळे ती काय करते ते मला दिसायचं नाही. माझं सगळं लक्ष खाज कुठं सुटते तिकडे. आणि मग एकाएकी घाईघाईनं, जसं काही दूध उतू चाललंय, तशी ती आरोळी यायची, "धडा सपला! मेलेली उठा, हात धुवा!"

कुणालाही मेलेला ठेवायची नाही. महाराजांच्या दुश्मनांनासुद्धा उठवायची, हात धुवायला लावायची आणि आमटीभात वाढायची. मी एकदा म्हणालो, "अगं, दुश्मनाला तरी मेलेला राहू दे. तेवढाच इतिहास खरा."

"आन् जेवायला कोण यायचं?"



एकदा फर्नेस बंद पडला. बाहेर मरणाची थंडी. दुरुस्तीला एक गोरा आला, दारात वाकून आत यावं लागलं एवढा उंच. अनुजा फोनवर होती, तिनं नुसता हातानं बेसमेंटचा जिना दाखवला. तो खाली उतरला तर काय बघतो? मी शालीखाली तोंड झाकून आडवा आणि समोर एक म्हातारी अन् दोन पोरी मान खाली घालून गप्प. त्याच्या हातातली हत्यारांची पेटी धाडकन पडली. त्यानं खिशातून फोन काढला ॲम्ब्युलन्सला लावायला. ईरानं त्याला धीर दिला. म्हणाली, "इट्स ओके. ही इज ओन्ली डेड टिल लंच."

मला शालीतून सगळं ऐकू येत होतं. पण मेलेला माणूस बोलत नाही. मग मी नुसता एक हात बाहेर काढला आणि त्याला हॅलो केलं. तो जो किंचाळला! एवढा आडदांड माणूस, जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन उभा राहिला. सुमन पोट धरून हसली. मग त्याला वर नेऊन गरम थालीपीठ आणि लोणी खाऊ घातलं. घास घेता घेता तो मधूनमधून माझ्याकडे बघून खात्री करून घेत होता.

तिला सोपा करता आला नाही असा धडा मी एकच बघितला. ह्या देशातले जे मूळचे लोक, त्यांच्या लेकरांना सरकारवाले घरातून उचलून लांबच्या शाळांमध्ये नेऊन ठेवायचे. त्यांना त्यांची भाषा बोलू द्यायचे नाहीत. कितीतरी लेकरं घरी परत आलीच नाहीत. अनुजा हे सांगत होती आणि सुमनची विळी थांबली.

"परत आली न्हाईत म्हंजे?"

"नाही आली, आई."

दुसऱ्या दिवशी ती खाली आली. पोरींसमोर बसली. उलथनं मांडीवर. मी नेहमीसारखा शाल घेऊन तयार. ती म्हणाली, "हे मला सोपं करता येत न्हाई, बाळांनो. तुमची आई सांगंल." आणि वर जाऊन शिरा केला. त्या दिवशी तिनं मला मरायला लावलं नाही.

तर तो मंगळवार. हात धुऊन आम्ही वर आलो. मी टेबलाशी बसलो, पोरी बसल्या. सुमन ओट्याशी भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, जरा इकडं या." मी म्हणालो, "आता काय?" तिनं पुढे काही सांगितलं नाही. ओट्याला धरत धरत खाली बसली आणि मग आडवी झाली. तव्यावरची भाकरी करपली. अनुजा धावली, ॲम्ब्युलन्स आली, महेश ऑफिसातून परस्पर दवाखान्यात आला. तोवर सगळं झालं होतं. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. मला एवढंच कळलं. डॉक्टर चांगला होता, बराच वेळ समजावत होता. पण बायको गेली याच्यात समजावण्यासारखं काय असतं?

ईरानं आजीला फरशीवर पडलेलं बघितलं होतं. सई नऊ वर्षांची, तिला कळलं, तिनं आकांत केला. ईरा मात्र खुशाल. ती सईला समजावत होती, "आजोबाज टर्न इज ओव्हर. नाऊ इट्स आजीज टर्न."

पुढचे दोन दिवस रोज दुपारी ती बेसमेंटच्या जिन्यावर जाऊन बसायची. जेवायला बोलावलं तर यायची नाही. आजी उठल्याशिवाय लंच होत नाही, हे तिचं गणित. अनुजानं वरणभात कालवला, पास्ता केला, पिझ्झा आणला. पोरगी तोंड उघडेना. संध्याकाळी दूध तेवढं घ्यायची, तेही अर्धं. महेशला विचारायची, "डॅडी, आजी उठली?"

"शी इज रेस्टिंग, बेटा."

सोपं करून सांगायची खोड आईकडून लेकात उतरलेली.

शुक्रवारी इथल्या फ्युनरल होममध्ये सगळे जमले. इथल्या मराठी मंडळाची माणसं आली, किचनरची, मिसिसागाहून पण आली. बूट दारात काढायचे की पायात ठेवायचे यावरून घोळ. काहींनी काढले, काहींनी ठेवले, एकजण एक बूट काढून विचार करत उभा. सुमननं हे बघितलं असतं तर आठवडाभर पुरवून पुरवून हसली असती. ती पेटीत होती. इकडे माणसाला नटवून ठेवतात. केस विंचरलेले, नऊवारी नेसवलेली, गालांना रंग लावलेला. जन्मात कधी तिनं गालाला रंग लावला नाही. मला रडू आलं नाही. मी नुसता तो रंग बघत होतो.

भटजी पोथी सोडत होते तेवढ्यात ईरा माझ्या हातातून सुटली. पेटीजवळ गेली. चवड्यांवर उभी राहिली आणि आजीच्या खांद्यावर बोटांनी टकटक केलं. ही पोर कधी मराठीत बोलत नाही. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. पण एक वाक्य तिला येतं, तेही आजीच्या सांगली हेलात. ते तिनं खणखणीत म्हटलं.

"धडा सपला! मेलेली उठा, हात धुवा!"

भटजींचा हात पोथीच्या गाठीवर थांबला. ईरानं वाट बघितली. पुन्हा म्हणाली. पुन्हा वाट बघितली. मग माझ्याकडे वळली, जरा रागावलेली. "आजोबा, शी इज नॉट लिसनिंग."

महेश तिथंच खुर्चीत कोसळला. अनुजानं पोरीला उचललं. जुने एक डॉक्टर आहेत आमच्या मंडळात, उभा जन्म इकडे काढलेले. ते माझ्या कानाशी म्हणाले, "लहान मुलांना आणायला नको होतं हो."

"मग म्हाताऱ्यांना कशाला आणता?" मी म्हणालो. ते बाजूला सरकले.

घरी आल्यावर नवराबायकोची वादावादी. महेश म्हणत होता, आजी देवबाप्पाकडे गेली असं सांगू. अनुजा म्हणत होती, "ती विचारेल कधी येणार, तेव्हा काय सांगशील? जेवत नाहीये ती, महेश. तीन दिवस झाले."

"मी सांगतो," मी म्हणालो.

महेशनं हात जोडले. "बाबा, प्लीज. तुम्ही नको. तुमचं बोलणं म्हणजे कुऱ्हाड."

खोटं नव्हतं ते.

महेश वर गेला. अनुजा भांडी लावत होती, मी टेबलाशी. ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "बाबा, आईंनी उशा का काढल्या होत्या, माहितीये तुम्हाला?"

"उशी मेल्यासारखी दिसत नाही म्हणून."

"नाही." तिनं नळ बंद केला. "तुमच्या हार्टचं झालं ना, स्टेंट टाकला, तो हिवाळा आठवा. तुम्ही आयसीयूत होतात. आईंनी तुम्हाला काचेतून बघितलं. घरी येऊन मला म्हणाल्या, 'अनुजा, हे माझ्या आधी जाणार. ह्यांना असं पडलेलं बघायची मला आत्तापासनं सवय कराया पाहिजे. न्हाईतर त्या दिवशी मी उभी ऱ्हायची न्हाई.' म्हणून तुम्हाला रोज झोपवायच्या."

मी विचारलं, "मग लगेच उठवायची कशाला?"

"मी पण हेच विचारलं होतं. तर म्हणाल्या, 'रोज ठरवते गं, आज जरा जास्त वेळ बघू. न्हाई बघवत.'"

ती वर निघून गेली. मी बसून राहिलो. एवढे दिवस मला वाटत होतं की ती पोरींना शिकवतेय. सवय करायची होती तिनं आणि वेळ आली माझ्यावर. तिनं निदान रोज सराव केला. मी रोज डोळे मिटून पडलो होतो, मी काय शिकलो? काहीच नाही. सगळा इतिहास माझ्या डोक्यावरून गेला.

सकाळी उठलो. महेशला विचारलं नाही. ईरा जिन्यावर बसली होती, आज दुपारचीही वाट न बघता, सकाळीच. मी तिच्या शेजारच्या पायरीवर बसलो. खाली बेसमेंटमध्ये अंधार होता.

"ईरा, आजी मेली."

"आय नो. व्हेन विल शी गेट अप?"

"उठणार न्हाई."

"नॉट टिल लंच?"

"लंचला न्हाई. संध्याकाळी न्हाई. तुझ्या बर्थडेला न्हाई. कधीच न्हाई."

"बट यू गेट अप. एव्हरी टाइम."

"मी खोटा मरत होतो. आजी खरी मेली. खरं मेलेलं माणूस उठत न्हाई."

"यू आर लाइंग." तिनं माझ्या गुडघ्यावर मूठ मारली. पुन्हा मारली. मी मारू दिलं. मग ती थांबली आणि तिचं तोंड कसंतरी झालं, काहीतरी हिशेब लागत असल्यासारखं.

"दॅट जनरल? द इंग्लिश वन?"

"तो पण खरा मेला. न्हाई उठला."

"द फ्रेंच वन?"

"तो पण."

"महाराज?"

"महाराजसुद्धा."

"अँड ऑल द ब्रदर्स?"

"सगळे भाऊ."

एकेक 'हो' म्हणताना मला वाटत होतं, सुमननं इतक्या दिवसांत जेवढ्यांना उठवलं, तेवढ्या सगळ्यांना मी एका सकाळी परत मारतोय. कुऱ्हाडच. पण थांबता येईना. ती विचारत होती आणि मी खोटं बोलणार नव्हतो.

मग तिनं अगदी हळू विचारलं, "महाराजांचा हॉर्स?"

"घोडा पण."

"हॉर्स टू?"

"हो बाळ. घोडा पण."

तेव्हा ती फुटली. सेनापतीसाठी नाही, महाराजांसाठी नाही, आजीचं तर अजून तिच्या आत पोचलंही नसेल. घोड्यासाठी. माझ्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून ती हंबरडा फोडून रडायला लागली. वरून अनुजाची पावलं आली आणि दारातच थांबली. रडता रडता ईरानं मला विचारलं, त्या घोड्याचं नाव काय होतं. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणूनच सांगितलं. तिला आणखी जोरात रडू आलं. आणि मग मलाही रडू आलं, आणि त्या घोड्यासाठी आम्ही दोघं जिन्यावर बसून रडत राहिलो.